बाटलीच्या तळाचं विरजण

इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या काकूंना राजवाड्याजवळच्या एका पोहेवाल्याचं जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, घरी जमवायला चार वर्षं लागली. विचारून पाहिलं तेव्हा तो नुसता हसला होता. मग त्या दर वेळी चिमूटभर जास्तीचं मागून घ्यायच्या आणि पुडी घरी आणून पांढऱ्या कागदावर पसरायच्या. जिरं, धने, काळं मीठ, आमचूर हे सहज कळलं. सुंठ जास्त आहे आणि लवंग आपण घालतो त्याच्या निम्मीसुद्धा नाही, हे तिसऱ्या वर्षी कळलं. बडीशेप भाजलेली नाही, हे चौथ्या. आज आमच्या घरातून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत त्या जिरावनाची बरणी असते. माझ्याही होती.

मी राहते मिशिगनमध्ये, अॅन आर्बरजवळ. चौदा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं मी तळघरात बिअर बनवते, आणि त्या नऊ वर्षांत बहुतेक वेळा एकच बिअर पुन्हा पुन्हा बनवलेली आहे: मिशिगनच्याच कालामाझू शहरातल्या बेल्स या ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची, ‘टू हार्टेड’. इथल्या होमब्रू मंडळींत, म्हणजे घरी बिअर बनवणाऱ्यांत, याला ‘क्लोन’ म्हणतात. आवडत्या ब्रुअरीची आवडती बिअर घरच्या पातेल्यात जशीच्या तशी उतरवायची. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “अगं मावशी, मग ही तर नक्कलच झाली.” काकूंना कळलं तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याकडे मी पुढे येतेच.

आधी नकलेचं बघू. टू हार्टेड ही सात टक्के अल्कोहोलची आयपीए, म्हणजे हॉप्सनं कडवट केलेली बिअर. हॉप्स ही एका वेलीची कडू, सुवासिक फुलं. तिच्यात सेंटेनियल या एकाच जातीची हॉप्स पडतात, दुसरी कुठली नाहीत. पेला नाकाशी नेला की सोललेल्या पपनसाचा वास येतो आणि मागून देवदाराच्या लाकडाचा. कृती लपवलेली नाही. ब्रुअरी स्वतःच घरी करणाऱ्यांसाठी ती देते. माझ्या वहीत एकोणीस लिटरला सहा किलो माल्ट आहे, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, बहुतेक फिकट आणि अगदी थोडे कॅरॅमल. ते सहासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, गाळायचे, तो गोड काढा उकळायचा. उकळताना सत्तर ग्रॅमच्या आसपास हॉप्स, आणि आंबून झाल्यावर थंड बिअरमध्ये आणखी शंभर ग्रॅम तशीच कोरडी. हायड्रोमीटरवर, म्हणजे काढ्याची घनता मोजायच्या नळीवर, सुरुवातीला १.०६३, शेवटी १.०१२. एवढं सगळं लिहून दिलेलं असूनही माझी पहिली तीन वर्षं फुकट गेली.

आमच्या होमब्रू क्लबात घरची बिअर विकतच्या बिअरशी तीन पेल्यांनी ताडून बघतात. दोन पेल्यांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि पिणाऱ्यानं वेगळा पेला ओळखायचा. सुरुवातीला सहा जणांपैकी सहाही जण माझा पेला उचलायचे. कॅरॅमल माल्ट कमी केलं, पाण्यात जिप्सम घातलं, तरी चार-पाच जण ओळखायचेच. तेव्हा क्लबातल्या एका सत्तरीच्या आजोबांनी सांगितलं की यीस्ट बदल. पाकिटातलं नको, बेल्सचंच घे. टू हार्टेडच्या बाटलीतूनही घेऊ नकोस, सात टक्क्यांत ते दमलेलं असतं. त्यांच्याच एखाद्या हलक्या बिअरच्या बाटलीतून घे.

बाटली चार दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवली. तळाशी पिठासारखा पांढुरका थर बसला. वरची बिअर हलक्या हातानं ओतून घेतली, बोटभर राहू दिली, बाटलीचं तोंड लायटरच्या ज्योतीवर फिरवलं आणि तळातला गाळ घोळवून उकळून गार केलेल्या अर्धी वाटी पातळ काढ्यात टाकला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीच्या कडेला फेसाची बारीक रेघ दिसली. मी फरशीवर बसून किती वेळ बघत राहिले, सांगता येणार नाही. आमच्या घरी विरजण कधी विकत आणलं नव्हतं. मोडलं तर शेजारून चमचाभर आणायचं. कुणाचं दही कुणाच्या घरून आलेलं आहे हे आईला तोंडपाठ असायचं. ही रेघ तशीच कालामाझूहून माझ्या घरी आली होती. अर्ध्या वाटीचं दोन वाट्या, दोन वाट्यांचं दोन लिटर असं वाढवत नेलं. त्या खेपेला सहापैकी दोघांनीच पेला ओळखला, आणि तीन पेल्यांत नुसत्या अंदाजानंही सहातले दोघं बरोबर येतातच.

तर नक्कल. इंदूरच्या माणसानं या शब्दाला नाक मुरडू नये असं मला मनापासून वाटतं. इंदूर घराणं ज्यांच्या नावानं ओळखलं जातं त्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गाण्याबद्दल जाणकार काय सांगतात? अब्दुल वहीद खाँची विलंबित, देवासच्या रजब अली खाँच्या ताना, अमान अली खाँची मेरुखंडाची, म्हणजे स्वरांचे क्रम फिरवत नेणारी, बढत. हे त्यांनी कान देऊन उचललं, घोटलं, आणि त्यातून जे निघालं ते त्यांचं एकट्याचं होतं. दुसऱ्याचं हुबेहूब करायला बसल्याशिवाय कान तयार होत नाही. मला आज बिअरमधलं कॅरॅमल माल्ट जिभेच्या कुठल्या भागाला लागतं ते सांगता येतं, ते केवळ त्या तीन फसलेल्या वर्षांमुळे.

आणि ज्यांची नक्कल होते त्यांचं काय जातं? आपल्याकडे दुकानावर पाटी असते, ‘हमारी कहीं और शाखा नहीं’. मसाल्याची पुडी मागच्या खोलीत बांधली जाते. त्यामागची भीती मला कळते, कारण आपल्याकडे नावाची चोरी खरोखर होते, शेजारीच त्याच नावाचं दुकान उघडतं. पण कृती देणं आणि नाव जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगनं २०१६ मध्ये तोवरच्या सगळ्या बिअरच्या, दोनशेहून जास्त, कृती एकदमच जाहीर केल्या. कॅलिफोर्नियात २०१८ च्या नोव्हेंबरात पॅराडाइज गाव वणव्यात जळालं तेव्हा सिएरा नेवाडानं एका आयपीएची कृती सगळ्यांना देऊन म्हटलं, ही बनवा आणि विक्रीचा पैसा तिथल्या लोकांना द्या. हजारावर ब्रुअऱ्यांनी ती बनवली. मी टू हार्टेड घरी बनवते म्हणून विकत घेत नाही असं एकदाही झालेलं नाही. उलट ताडून बघायला जास्तच घेते.

हा मोकळेपणा इथल्या हवेतच आहे असं मात्र नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला मुभा मिळाली, घरची बिअर राहून गेली. ती बेकायदाच होती. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या वर्षीपासून एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, घरात दोघं असतील तर दोनशे गॅलन बिअर करमुक्त बनवता येऊ लागली. विकायची नाही, एवढीच मुख्य अट. अलाबामा आणि मिसिसिपीनं तर २०१३ पर्यंत परवानगी दिली नव्हती. त्या सहीच्या वेळी साऱ्या देशात शंभराहूनही कमी ब्रुअऱ्या उरल्या होत्या. आज नऊ हजारांच्या वर आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी घरच्या पातेल्यातून निघालेल्या. बेल्सचे संस्थापक लॅरी बेल यांनी १९८३ मध्ये उघडलं ते होमब्रूचं सामान विकायचं दुकान होतं. १९८५ मध्ये पहिली बिअर विकली ती पंधरा गॅलनच्या सुपाच्या पातेल्यात बनवलेली.

आता घरची चर्चा. २०२५ च्या जानेवारीत महेश्वरला मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा धार्मिक ठिकाणची दारूची दुकानं बंद झाली. फोनवर काकू म्हणतात, अहिल्याबाईंच्या इंदुरातही व्हायला हवं. भाचा म्हणतो, मग इंदूरच्या विजयनगरातल्या मायक्रोब्रुअऱ्या, जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या, कुठे जातील? दोघं तासभर भांडतात आणि दोघंही फक्त दुकानाबद्दल बोलतात: कुठे उघडावं, कुठे बंद करावं. बनवण्याबद्दल कुणी बोलत नाही. मध्य प्रदेशात १९१५ चा अबकारी कायदा आहे. परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा, मग ते एक पातेलं का असेना. त्याच राज्यात २०२२ च्या धोरणानं वर्षाला कोटीभर उत्पन्न असलेल्याला पन्नास हजार रुपये भरून घरात बार ठेवायची सोय केली. आदिवासींना स्वतःपुरती मोहाची दारू गाळायची सूट आहे, आणि आता अलीराजपूरच्या बचत गटांकडून तीच ‘हेरिटेज मद्य’ म्हणून बाटलीत येते, याचा मला आनंद आहे. म्हणजे श्रीमंतानं साठवलेली चालते, परंपरेनं गाळलेली चालते. एखाद्या शिक्षकानं घरी जव आंबवले तर तो गुन्हेगार. हे मला पटत नाही.

लगेच विषारी दारूचं नाव निघतं. ऑक्टोबर २०२० मध्ये उज्जैनला आणि जानेवारी २०२१ मध्ये मुरैन्यात माणसं मेली, ते कुणीच विसरू नये. पण अशा दारूत जीव घेतं ते मिसळलेलं मिथेनॉल, कारखान्यातलं. जवाचा काढा आंबवून मिथेनॉलनं कुणी मरत नाही. गाळणं वेगळं, आंबवणं वेगळं. इथला कायदाही घरी गाळायला परवानगी देत नाही, आणि ते योग्यच आहे.

काकूंचं गप्प बसणं मात्र असं उत्तर देऊन संपत नाही. काका प्यायचे. पगाराच्या दिवशी काकू जेल रोडच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहायच्या, पाकीट घरी यावं म्हणून. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर उभी होते. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठला होता. मागच्या खेपेला मी विचारलं, काकू, तुम्ही जिरावनासाठी केलंत तेच मी करते ना? त्या म्हणाल्या, “जिरावनानं कुणाचं घर बसलेलं मी पाहिलं नाही.” यावर मी काय बोलणार? एकोणीस लिटर व्हायला पाच आठवडे लागतात, दारुड्याला तेवढा धीर नसतो, हे मी म्हणू शकते आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण आमच्याच क्लबात एक जण होता, ज्याच्या तळघरात चार पिंपं कायम भरलेली असायची आणि ज्याला शेवटी सगळं सामान वाटून टाकावं लागलं. त्याचा एक फर्मेंटर, बिअर आंबवायचं भांडं, आज माझ्याकडे आहे. तो धुताना मला दर वेळी काकू आठवतात.

तरीही मी परवानगीच मागेन. स्वतःपुरती, मोजून, नोंदणी करून, विक्रीला सक्त मनाई ठेवून, गाळण्याला थारा न देता. आणि काकूंसारख्या बाईनं तक्रार केली तर त्या घरची नोंद तिथल्या तिथे रद्द होईल अशी तरतूद करून. ही शेवटची अट अमेरिकेत नाही. ती आपल्याकडे हवी, कारण आपल्याकडे कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या बायका अजून आहेत. दुकानं बंद करून त्यांचं दुःख किती कमी झालं ते त्यांनाच विचारावं. पण बनवण्यावरच्या बंदीनं ते कमी झालेलं मला दिसत नाही. काका विकतचीच प्यायचे.

भाच्यानं परवा विचारलं, दिवाळीला येताना ते यीस्ट आणशील का? मी नाही म्हणाले. कायदा बदलेपर्यंत वहीच आणेन. त्यावर त्यानं सांगितलं की तो विजयनगरच्या एका मायक्रोब्रुअरीत गेला होता आणि तिथल्या बिअर बनवणाऱ्याला धीर करून विचारलं, यात हॉप्स कुठली? तो माणूस त्याला काउंटरच्या मागे घेऊन गेला, शीतपेटीतून पाकीट काढलं, तळहातावर थोडी हॉप्स चुरगाळली आणि नाकासमोर धरली.

“मावशी, पपनस,” भाचा म्हणाला. “आणि माल्ट किती, तेही सांगितलं त्यानं. मी लिहून ठेवलंय.”