पट्टीचा दोष गळ्याला कशाला?

इंग्लंडच्या आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा एकेकाळचा गायक ब्लेझ बेली म्हणजे 'आयर्न मेडन न पेललेला गायक', हे एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. १९९४ ते १९९९ त्याला बँडच्या आधीच्या गायकाची, ब्रूस डिकिन्सनची, उंच पट्टीतली गाणी गावी लागली, आणि याचा गळा भरदार, खालचा. त्याच्या काळातलं 'द क्लॅन्समन' तर ब्रूस परतल्यावरही बँडने सोडलं नाही!

इंग्लंडमध्ये एका पबच्या मागच्या खोलीत मी ब्लेझला ऐकलंय. जेमतेम शंभर माणसं, स्टेज गुडघ्याएवढं. माइक लांब धरला तरी आवाज छातीत घुमत होता. नंतर घाम पुसत तो टी-शर्टच्या टेबलापाशी आला आणि रांग संपेपर्यंत प्रत्येकाशी बोलत उभा राहिला. माझ्या पुण्याहून नेलेल्या 'व्हर्च्युअल इलेव्हन' या मेडनच्या त्याच्या काळातल्या अल्बमच्या कॅसेटवर त्याची सही आहे.