बायोॲक्टिव्ह फिलिंगने दात उगवत नाही हो मामा

डिचोलीच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज आता फोंड्याला आमच्या क्लिनिकातले पेशंटपण मोबाईल पुढे करून दाखवायला लागलेत. म्हणे बायोॲक्टिव्ह फिलिंग (कॅल्शियम नाहीतर फ्लोराइड सोडणारं दात भरायचं सिमेंट) घातलं की दात आपोआप वाढतो, रूट कॅनल नको, आयुष्यभर कीड नाही, आणि डॉक्टर हे मुद्दाम लपवतात. मी असिस्टंट आहे, डॉक्टर नाही, पण ही सिमेंटं रोज माझ्याच हातून मिक्स होतात म्हणून लिहितेय.

वाढतो बिढतो काही नाही. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपतात, त्यामुळे जत्रेतलं खाजं चावताना तुकडा उडाला की उडाला. त्याच्या आतला थर, डेंटिन, मात्र नस जिवंत असेल तर थोडा नवीन धरतो, आणि कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट नेमकं तिथेच कामाला येतं, उघड्या पडलेल्या नसेवर ठेवलं की खाली पातळ पडदा तयार होऊ शकतो. मेसेजवाल्याने त्या पडद्याचा अख्खा दात केला!

रूट कॅनलचं अर्धं खरं. जिवंत नस अशाने कधीकधी वाचते. पण नस मेली, मुळाशी पू झाला, तर वरून काहीही भरा, पू आतच राहणार.

आयुष्यभरचं म्हणाल तर खरी मेख इथेच आहे, कॅल्शियम नाहीतर फ्लोराइड बाहेर सोडायचं तर मटेरियल थोडं विरघळणारंच असावं लागतं, आणि विरघळणारं ते चावायला कच्चं. ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट पहिले काही दिवस भरपूर फ्लोराइड सोडतं, मग कमी कमी, टूथपेस्टमधून थोडं परत शोषतं, पण दाढेवर कॉम्पोझिटपेक्षा, म्हणजे दाताच्या रंगाच्या नेहमीच्या फिलिंगपेक्षा, लवकर झिजतं. बायोडेंटिन या कॅल्शियम सिलिकेट सिमेंटच्या कॅप्सूलमध्ये द्रवाचे पाच थेंब, मशीनमध्ये 30 सेकंद, की पुट्टीसारखं होतं, मग सेट व्हायला बाराएक मिनिटं, पेशंट आ करून घड्याळ बघत बसलेला, आणि एवढं करूनही वर कॉम्पोझिटचा थर लागतोच.

आणि लपवतात कोण? लॅरी हेंच या संशोधकाने बायोग्लास, म्हणजे हाडाला चिकटणारी काच, 1969 साली केली, तीही हाडांसाठी. एमटीए हे कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट 1990 च्या दशकातलं. बांबोळीच्या डेंटल कॉलेजातली पोरं हे परीक्षेला पाठ करतात.

मामा, तुमची डावी दाढ थंडगार सोलकढीने ठणकते म्हणालात ना, म्हणजे आत नस अजून जिवंत असणार. ठणका आपोआप थांबला तर बरी झाली समजू नका, नस मेली असेल, त्याच्या आधी या.