"टायमिंग कव्हर कधी उघडलंय का?" या प्रश्नाला उत्तर

मागच्या लेखावर आलेली एक प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यात घोळते आहे. तिथेच चार ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण लिहायला बसलो आणि वाढत गेलं, म्हणून स्वतंत्र टाकतो. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इंजिनात जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग टाकणार असाल तर कंपनीच्या सिंगल टायमिंग चेनवर (कव्हरच्या आत राहून क्रँकवरून कॅम फिरवणारी एका रांगेची चेन) विसंबू नका, दोन्ही स्प्रॉकेटांसकट (दातांच्या चाकांसकट) दोन रांगांची डबल रोलर चेन टाका, असं मी त्यात म्हटलं होतं. त्यावर एका टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया अशी:

"लेख वाचून हसू आलं. चेन 'ताणली जाते' म्हणणाऱ्याने टायमिंग कव्हर कधी उघडलंय का, की पार्टच्या कॅटलॉगवरून लेख पाडलाय? चेन ताणली जात नाही, झिजते. आणि बहुतेक वेळा मूळ दुखणं टेन्शनर, गाइड [चेन ताठ आणि रेषेत ठेवणारे भाग] आणि ऑइलचं असतं, त्यावर लेखात एक ओळ नाही. एलएस [जनरल मोटर्सची व्ही८] इंजिनं सिंगल चेनवर रेस जिंकतात. नवी चेन टाकल्यावर कॅम डिग्री करायचा [अंशांत मोजून जुळवायचा] असतो, तेही राहिलंच."

सर्वप्रथम, आपण वेळ काढून वाचलंत आणि लिहिलंत, त्याबद्दल आभार. मतभेद असायलाच हवेत. पण "हसू आलं" हा मतभेद नव्हे. चूक दाखवायची तर "इथे चूक आहे" एवढं पुरतं, त्यासाठी आधी हसावं लागत नाही. आणि "पाडलाय"! लेख लिहितात हो, पाडत नाहीत. तो लेख लिहायला मला तीन रात्री लागल्या होत्या.

आता "ताणली" या शब्दाचं. मान्य. शंभर टक्के मान्य. पोलादाच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात पिन बुशमध्ये फिरते, दोघी एकमेकींना घासतात, एकेका सांध्यात केसाहून बारीक फट पडते आणि सगळ्या सांध्यांची बेरीज झाली की चेन लांब भरते. गॅरेजमध्ये सगळे याला चेन ताणली असंच म्हणतात, मीही त्याच भाषेत वाढलो, म्हणून तसं लिहिलं. शब्द बदलतो. पण शब्द बदलल्याने कॅम जागेवर येत नाही. ४२ दातांचं कॅम स्प्रॉकेट घ्या, पिच ३/८ इंच, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर. घेर झाला ४०० मिलिमीटर. म्हणजे कॅमच्या एका अंशाला चेन साधारण १.१ मिलिमीटर सरकते. ओढीच्या बाजूचा तुकडा १३० मिलिमीटर धरला आणि तो एक टक्का लांबला, तर १.३ मिलिमीटर. कॅम सव्वा अंशाच्या आसपास मागे पडला, क्रँकवर मोजलात तर त्याच्या दुप्पट. ताणली म्हणा, झिजली म्हणा, व्हॉल्व्ह तेवढेच उशिरा उघडणार आहेत. हे गणित कुठल्या कॅटलॉगात छापलेलं असतं ते मला दाखवा.

आता मुख्य मुद्दा. टायमिंग कव्हर कधी उघडलंय का.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. माझ्याकडे पुशरॉडचं चार सिलिंडरचं जुनं इंजिन होतं, नाव घेत नाही, नाहीतर त्यावरूनही वाद सुरू होईल. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) क्रँकच्या पुलीवर धरला की खूण एका जागी ठरायची नाही, दोन-तीन अंश पुढेमागे नाचायची. मी दोष दिला डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाला. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, शेवटी अख्खा डिस्ट्रिब्युटर बदलला. खूण नाचतच होती. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते एक दिवस आले, उभ्या उभ्या म्हणाले, "डिस्ट्रिब्युटर कोण फिरवतं?" कॅम फिरवतो. "आणि कॅमला?" मी गप्प.

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. क्रँकच्या बोल्टला पाना लावून एका दिशेने फिरवत गेलो, आतला फिरता रोटर हलायला लागला तिथे थांबलो आणि पुलीवर खडूने रेघ मारली. मग उलट्या दिशेने, अगदी हळू. क्रँक फिरतोय, रोटर ढिम्म. रेघ ११ अंश सरकली तेव्हा कुठे रोटरने मान हलवली. ११ अंश! इतकी ढिलाई चेनमध्ये होती आणि मी पॉइंट घासत बसलो होतो.

कव्हर उघडलं (हो, उघडलं, स्वतःच्या हातांनी), तर आतल्या बाजूला पत्र्यावर चेन घासून घासून चकचकीत पट्टा पडलेला. चेन काढून दोन्ही टोकांना आडवी धरली. नवी चेन अशी धरली तर जवळजवळ सरळ राहते. ही धनुष्यासारखी खाली झुकली. टेन्शनरचं रबर काचेसारखं कडक झालं होतं आणि त्यात चेनने बोट जाईल एवढी खाच पाडली होती. तो अर्थातच नवा टाकला. ऑइलही बदललं, कारण चेंबरमधून जे निघालं त्याला ऑइल म्हणणं धाडसाचं होतं.

आणि मग डबल चेन टाकली. इथे कॅटलॉगवाल्यांना माहीत नसलेली गोष्ट ऐका. त्या इंजिनात फ्रंट प्लेटचे दोन बोल्ट चेनच्या मागे येतात. सिंगल चेन त्यांच्यावरून आरामात जाते. डबल चेन जाडीने जास्त, ती त्यांच्या डोक्यांना भिडते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळं बसवून हाताने क्रँक फिरवला आणि आतून कर्र असा आवाज आला. रात्रीचे दोन वाजलेले. परत सगळं खोललं, भोकांना काउंटरसिंक मारलं आणि प्लेटीच्या पातळीत बसणारे चपट्या डोक्याचे स्क्रू घातले. ते इंजिन त्यानंतर नऊ वर्षं माझ्याकडे होतं. खूण पुन्हा कधी नाचली नाही. चेन काय असते ते मी तेव्हा शिकलो, आणि तेव्हापासून डबल चेनच सांगतो.

आता यातही तुम्हाला टेन्शनरच दिसेल. दिसू द्या.

त्यानंतर किती कव्हरं उघडली याचा हिशोब मी ठेवला नाही. एका जुन्या व्ही८च्या चेंबरमधून नायलॉनचे तुकडे चिमट्याने वेचलेत. आवाज कमी व्हावा म्हणून काही कंपन्या एकेकाळी ॲल्युमिनियमच्या कॅम स्प्रॉकेटवर नायलॉनचे दात बसवायच्या. ते उष्णतेने ठिसूळ होऊन तुटायचे आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसायचे. जाळी तुंबली की ऑइलचा दाब गेला, दाब गेला की बेअरिंग गेली. हे मी ऐकलेलं सांगत नाही, जाळी स्वतः धुतलीय. तुम्ही कुठली धुतलीत?

असो. थोडा चिडलो, पण "कॅटलॉग" शब्दाने कुणीही चिडेल.

एलएस सिंगल चेनवर रेस जिंकतात. जिंकतात, कोण नाही म्हणतंय. सी५-आर या रेसिंग कॉर्व्हेटच्या नावाने जी चेन विकली जाते तीही सिंगलच आहे आणि चांगली आहे. एलएसमध्ये डबल टाकायची तर ऑइल पंपामागे शिम (पातळ चकत्या) घालून पंप पुढे आणावा लागतो, हेही मला ठाऊक आहे, तुम्ही सांगायची गरज नव्हती (सांगितलंही नाहीत, पण सांगितलं असतंत). एक दाखला तुम्ही दिलात, एक मी देतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या मर्सिडीजच्या ३.८ लिटर व्ही८ला १९८१ ते १९८३ सिंगल चेन होती. त्या चेनींनी इतकं नाव काढलं की १९८४पासून डबल आली आणि जुन्या गाड्यांनाही लोक डबलच बसवून घेऊ लागले. त्या इंजिनात ना तगडा कॅम, ना कडक स्प्रिंग. मग तुमच्या-आमच्यासारखे लोक, जे दोन्ही टाकतात, त्यांनी काय करावं? ७००० आरपीएमला २१ दातांच्या क्रँक स्प्रॉकेटवर ही चेन सेकंदाला २३ मीटरच्या वर पळते. भार दोन रांगांत विभागला की पिन आणि बुशमधला दाब निम्मा होतो, झीज मंदावते. झीज, बरं का. तुमचाच शब्द.

शिवाय लेखात एक गोष्ट मी ठळक लिहिली होती, ती तुमच्या नजरेतून सुटली किंवा सोयीने सोडलीत. दोन रांगा दिसल्या म्हणजे डबल रोलर होत नाही. कित्येक सेटमध्ये रोलर फिरतच नाहीत, नुसत्या नळ्या असतात. घेताना एकेक रोलर नखाने फिरवून बघा, असं स्पष्ट म्हटलं होतं. हे वाचून मात्र हसू आलं नाही वाटतं.

कॅम डिग्री करणं राहिलं म्हणता. पिस्टन स्टॉप लावून टीडीसी (पिस्टनची सर्वात वरची जागा) पक्का करायचा, डिग्री व्हील, डायल गेज, हे मला शिकवू नका. खुणा जुळल्या म्हणजे कॅम जुळला असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तीन खाचांची क्रँक स्प्रॉकेटं मिळतात, एक सरळ, एक ४ अंश पुढे, एक ४ अंश मागे, ती शोभेला नसतात. आणि मेन बेअरिंगची लाइन बोअर केलेल्या (क्रँकच्या बेअरिंगची भोकं पुन्हा एका रेषेत कापलेल्या) ब्लॉकमध्ये क्रँक कॅमच्या दिशेने सरकतो, नवी चेनही ढिली बसते, त्यासाठी ०.००५ इंच कमी अंतराचे सेट वेगळे मिळतात. याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. म्हणून तुम्ही ब्लॉक कधी पाहिलाय का, असं मी विचारलं का? (माझ्या लेखातही ते नव्हतं. पण मी कुणाला हसलो नव्हतो.)

टेन्शनर, गाइड आणि ऑइल महत्त्वाचे आहेतच. लेखाचं नाव "चेन कशी निवडावी" असं होतं.

मूळ लेखात "ताणली" तीन ठिकाणी होतं, तिन्ही ठिकाणी "लांबली" केलं आहे. टेन्शनरवरचा लेख गेल्या महिन्यापासून अर्धा लिहून पडला आहे. तुमच्या प्रतिक्रियेच्या आधीचा आहे, हवं तर फाइलची तारीख दाखवतो.