हेडसेट मोठीमायच्या तळपायाले हात लावनार हाये का?

मंगळवारी रात्री घरच्या ग्रुपवर दादानं पुण्याहून एक मेसेज टाकला. असाच मेसेज मला त्याच्या आधी गावातल्या दोन ग्रुपवर आला होता, तेव्हा वाचून सोडून दिला. पण यावेळी दादानं खाली लिहिलं होतं, "आईसाठी घेऊन टाकू का? मालिशवाल्या मावशीचे पैसे तरी वाचतील." त्याची आई म्हणजे माझी मोठीमाय. अन् गुरुवारी त्यानं मावशीला फोन करून सांगूनही टाकलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नका. म्हणून हे लिहितो आहे.

मेसेज ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हीआरचा चष्मा, म्हणजे डोळ्यांपुढं बनावट जग दाखवणारा हेडसेट, अन् सेन्सरवाले ग्लोव्हज घातले की परदेशातला मुलगा आईला मिठी मारू शकतो, मेंदूला खऱ्या-खोट्यातला फरक कळतच नाही, कोरियात एका आईनं मेलेल्या मुलीला अशीच मिठी मारली, अपुऱ्या दिवसांच्या बाळालाही आता आईच्या छातीऐवजी थरथरणारी गादी चालते, अन् म्हाताऱ्या माणसांजवळ पगारी बाई ठेवायची गरज नाही कारण परक्या बाईच्या हातापेक्षा पोटच्या पोराची व्हर्च्युअल मिठी बरी.

मेंदू फसतो हे अर्धं खरं आहे, तेवढं मानतो. 1998 मध्ये बॉटविनिक अन् कोहेन या दोघा शास्त्रज्ञांनी रबरी हाताचा प्रयोग केला होता. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, समोर रबरी हात ठेवायचा अन् दोन्हीवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा, थोड्या वेळानं माणसाला वाटायला लागतं की रबरी हातच आपला आहे. पण नीट वाचा, पडद्याआडच्या खऱ्या हातावर खराखुरा ब्रश फिरत होता अन् तो फिरवणारा माणूस तिथं बसला होता. यावरून स्पर्शाची गरजच संपली असं कसं निघतं ते मला कोणी सांगावं.

शिवाय मायेनं हात फिरवलेला कळवणारे मज्जातंतू वेगळे असतात, त्यांना सी-टॅक्टाइल म्हणतात. ते मुख्यतः लव असलेल्या कातडीत असतात, दंडावर, पाठीवर, हाताच्या वरच्या बाजूला. हात हळू फिरला, सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर, अन् अंगाएवढाच कोमट असला तर ते सगळ्यात जास्त जागे होतात. हे ग्लोव्हज काय करतात, तर बहुतेक बोटांच्या टोकाशी अन् तळव्याशी बारीक मोटर थरथरवतात. म्हणजे जागा चुकली, वेग चुकला अन् ऊबही नाही.

कोरियाचं खरं आहे, पण अर्धंच सांगितलं. 2020 मध्ये तिथल्या एमबीसी चॅनलनं कार्यक्रम केला होता. मुलगी 2016 मध्ये गेलेली, ती कॉम्प्युटरवर बनवली अन् आईला हेडसेट, ग्लोव्हज घालून स्टुडिओत उभं केलं. त्या आईला बरं वाटलं असं तिनं स्वतः सांगितलं, ते मी खोडणार नाही, तिचं दुःख तिला माहीत. पण बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं की बाई रडत रडत हवेत हात फिरवते आहे. त्याला मिठी म्हणू नका.

बाळांचं वाचून तर संताप आला. जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 मध्ये छापलेला अभ्यास आहे, भारतासह पाच देशांतली 3,211 कमी वजनाची बाळं. जन्मल्याबरोबर आईच्या छातीला कातडी-ला-कातडी लावून ठेवलेल्यांत 28 दिवसांत 12 टक्के दगावली, आधी मशीनमध्ये ठेवून स्थिर झाल्यावर आईजवळ दिलेल्यांत 15.7 टक्के. गावातली एखादी पोरगी असलं वाचून बाळ छातीपासून दूर ठेवेल, त्याचा जीव गेला तर फॉरवर्ड करणारा भरून देणार आहे का?

आता म्हाताऱ्या माणसांचं, जे आमच्या घरात आलं. मोठीमाय 74 वर्षांची आहे, शुगर जुनी, मोठेबाबा मागच्या पोळ्याच्या आधी गेले तेव्हापासून घरात एकटी. मावशी दिवसभर लोकांच्या वावरात निंदण करते अन् संध्याकाळी येऊन मोठीमायचे पाय चोळून देते, पाऊण तास, बोलत बोलत, कोणाची पऱ्हाटी कशी आहे अन् कोणाच्या घरी काय शिजलं ते सगळं. यंदा श्रावणात तेल लावता लावता ती थांबली अन् म्हणे, "बाई, हा पाय गरम लागून रायला, त्या पायासारका नाई." उलटा करून पाहिला तर तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला अन् आत पू झालेला. मोठीमायला काहीच दुखत नव्हतं! ती म्हणे, "मले तं कायीच कयलं नाई." दुसऱ्या दिवशी यवतमाळला नेलं, डॉक्टर म्हणाले आठ दिवस उशीर केला असता तर बोट काढावं लागलं असतं.

दादा, तुझ्या त्या ग्लोव्हजला हे कळलं असतं का? तिकडं तुझ्या बोटांना थरथर, इकडं तिच्या बोटांना थरथर, अन् पाय कोणाच्याच हातात नाही. मावशी नुसता हात देत नाही, तिच्या हाताला पाय कळतो, कातडी कोरडी पडली, सूज आली, तिला सांगावं लागत नाही. आणखी एक ऐक. शुगरनं पायाच्या नसा जायला लागल्या की जे आधी जातं त्यात थरथर कळणंही येतं, म्हणून तर डॉक्टर 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, पायाच्या अंगठ्याला लावून विचारतात, थरथर कळते का? मोठीमायला विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली. नसा मग हळूहळू हातांच्याही जातात, वयानंही बधिर होतात, अन् तू तिच्यासाठी थरथरणारंच यंत्र घेतो आहेस.

"परकी बाई" हा शब्द मला फार लागला. 2024 मध्ये नेचर ह्यूमन बिहेविअर या जर्नलमध्ये 137 अभ्यास एकत्र करून, जवळजवळ 13 हजार माणसांचा, स्पर्शावरचा मोठा आढावा आला. मेसेजवाल्याच्या बाजूचं त्यात एक आहे ते आधी सांगतो, रोबोट किंवा वजनदार पांघरुणानंही शरीराला फायदा होतो, दुखणं वगैरे कमी होतं. पण मनाला जो फायदा होतो तो माणसाच्या हातानं जास्त होतो. अन् पुढचं दोनदा वाच दादा, मोठ्या माणसांत हात लावणारा घरचा आहे की बाहेरचा यानं फरक पडलेला दिसला नाही. आईबापाचाच हात लागतो तो तान्ह्या बाळांना. वरून एका वेळी हात किती वेळ फिरवला यापेक्षा किती वेळा फिरवला हे महत्त्वाचं. म्हणजे रोज संध्याकाळी येणारी मावशी.

इथून दोन-अडीच तासांवर सेवाग्राम आहे, तू शाळेच्या सहलीत पाहिलं आहेस. तिथं परचुरे कुटी आहे. संस्कृत पंडित परचुरेशास्त्र्यांना महारोग होता, कोणी जवळ येऊ देत नव्हतं, त्यांना गांधीजी स्वतः रोज मालिश करत. महारोगात कातडी बधिर होते. स्पर्श म्हणजे कातडीला होणारी नुसती गुदगुली असती तर बधिर कातडीवर कोणी रोज हात कशाला फिरवला असता?

बाकी चष्मा अर्धा किलोचा, मानेचा त्रास, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे, संध्याकाळी जाणारी लाइन, यावर मी बोलतच नाही. व्हिडिओ कॉल कर, रोज कर, मोठीमायला आवडतो. पायाची एखादी चप्पल शुगरवाल्यांची मिळते ती पाठव, त्याचा उपयोग होईल.

काल मी मावशीच्या घरी जाऊन आलो. ती म्हणे, "माया हातून काई चुकलं का भाऊ?" मी नाही म्हणालो अन् पुढंही नेहमीसारखं यायला सांगितलं. या महिन्याचे पैसे मी दिले आहेत, पुढच्या महिन्याचं तू सांग, अन् मावशीला फोनही तूच कर.