कोयनेचा भूकंप आणि नववीचा वर्ग

कराडात प्रीतिसंगमाच्या वाटेवर आमचा कट्टा. काल वाद पेटला तो माझ्यामुळे. नववीला मी कोयनेच्या भूकंपावर वेबक्वेस्ट, म्हणजे नेटवरचं वाचून प्रश्न सोडवायचं काम, दिलंय आणि त्यापायी बापूच्या मुलीनं त्याचा मोबाइल दोन तास सोडला नाही.

"आता शाळापण मोबाइलवर? पुस्तकं कशाला दिलीत मग?" बापू आल्या आल्या सुरू.

झेरॉक्सवाला पिंट्या त्याच्याच बाजूनं. "नेटवरनं उतरवायचं, प्रिंट काढायची, फायलीत लावायचं. माझ्या दुकानात रोज बघतोय. पोरं वाचतसुद्धा नाहीत."

पिंट्याचं खरंय. पण 'कोयनेच्या भूकंपाची माहिती लिहा' असं सांगितल्यावर पोरं दुसरं काय करणार? सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या बर्नी डॉज यांनी 1995 मध्ये टॉम मार्च यांच्या साथीनं वेबक्वेस्ट मांडलं, त्यात दुवे शिक्षकानं आधीच निवडून द्यायचे असतात. पोरांचा वेळ शोधाशोधीत जायला नको, वाचून विचार करण्यात जावा. आणि काम असं द्यायचं की त्याचं आयतं उत्तर कुठल्याच पानावर सापडू नये.

माझा प्रश्न होता : 11 डिसेंबर 1967 चा भूकंप धरणामुळं झाला का, ते कोयनाकाठच्या गावकऱ्यांना पटवून सांगा. चार गट केले : भूगर्भतज्ज्ञ, धरणाचे इंजिनिअर, गावकरी, पत्रकार.

पहिल्याच तासाला एक पोरगं उठलं. "सर, इथं तीव्रता 6.3 आहे, तिथं 6.6. कुठली लिहू?" मी म्हटलं, आधी दोन आकडे का पडले ते शोध. माझ्या लेखी शिकवणं तिथं सुरू झालं.

पुढं इंजिनिअर गटानं अडवलं : धरणं तर कितीतरी आहेत, मग सगळीकडं जमीन का हलत नाही? भूगर्भवाल्यांनी तारखा काढल्या. 1962 पासून शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरू लागला आणि हादरे जाणवायला लागले. पाणी खोल भेगांत उतरतं, तिथला दाब वाढतो, आधीच ताणलेल्या खडकाची पकड सुटते. म्हणजे ताण जमिनीचाच, पाण्यानं तो मोकळा केला. शास्त्रज्ञही बहुतेक असंच मानतात. पण 'मग दोष कुणाचा' यावर गावकरी गट अजून हटून बसलाय, आणि मला ते फार आवडलं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. "दुवे सगळे इंग्रजी. मराठी माध्यमाच्या पोरानं काय करायचं? आणि एका धड्याला चार तास घालवलेस, तर पोर्शन कधी संपणार?"

यावर माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. शाळेत चालू कॉम्प्युटर सात. दोन रात्री बसून मी तीन पानांचा मराठी गोषवारा केला, तेव्हा कुठं गाडी हलली. दर धड्याला हे होणार नाही. वर्षातनं दोनदा झालं तरी मी करणार, असं मी म्हटलं.

"पण माझा मोबाइल?" बापू पुन्हा तिथंच. "निम्मा वेळ तर ती आजीचं बोलणं रेकॉर्ड करत होती. त्या पहाटे घराची भिंत कशी पडली, सगळं विचारलं. आई मला कधी एवढं बोलली नव्हती."

ती गावकरी गटात आहे, मी सांगितलं.

अण्णांनी चष्मा लावून माझ्या मोबाइलवरचं भूकंपांच्या नोंदींचं पान बराच वेळ खालीवर केलं. "हे मला पाठव. मराठी मी करून देतो. पण तीव्रता आणि ऊर्जा यातला फरक तू फळ्यावरच शिकव, तो नेटवर सोडू नको."