टंचाईतल्या मुख्याध्यापकांसाठी

शाळेच्या तिजोरीत खडखडाट झाला म्हणून गांगरून जाऊ नका. पैसे संपले तरी शब्द संपत नाहीत. 'कपात' म्हणायचं नाही, 'सुसूत्रीकरण' म्हणायचं. दोन तुकड्या एका खोलीत कोंबल्या की ते 'सहअध्ययन' होतं. एखादा वाचणारा शिक्षक लगेच अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला प्रयोग काढेल. १९८५ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या वर्गातली लहान मुलं २२ ते २५ जणांच्या वर्गातल्यांपेक्षा वाचनात आणि गणितात पुढे गेली होती. 'फार मोलाचं बोललात' असं म्हणा आणि शिपायाला आणखी दोन बाकं आत सरकवायला सांगा.

कात्री लावायची ती जे ओरडत नाही त्याला. पगाराला हात लावला की निवेदन येतं. ग्रंथालय ओरडत नाही, चित्रकलेचा तास ओरडत नाही. समुपदेशकाकडे जाणारी मुलंही ओरडत नाहीत. ओरडता आलं असतं तर ती तिकडे कशाला गेली असती? गळक्या छताचं पुढच्या वर्षी बघू. तोवर बादली आहे, आणि खर्च वाढेल तेव्हा त्या खुर्चीत दुसरं कुणी असेल.

झेरॉक्सचे कागद मोजून द्या. चाचणीच्या आदल्या दिवशी एखादी बाई पदरचे पैसे घालून कागद आणतील. त्यांचा सत्कार करा. प्रमाणपत्र जाड, गुळगुळीत कागदावर छापा, तेवढा असतोच.

वर मात्र काही मागू नका. सरकारांनी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या किमान ४ ते ६ टक्के शिक्षणावर खर्च करावेत असं २०१५ च्या जागतिक शिक्षण परिषदेतल्या इंचॉन जाहीरनाम्यात म्हटलंय खरं, पण ते वरच्यांना आठवण करून देणारा मुख्याध्यापक 'नकारात्मक' ठरतो. वर अहवाल पाठवायचा, खाली परिपत्रक. मध्ये आपण सुरक्षित.

आता तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा, दुसऱ्याच तासाला बाकावर डोकं टेकणारा. सकाळी काही खाल्लंस का, असं विचारू नका. विचारलं की उत्तर मिळतं, आणि मिळालं की काहीतरी करावं लागतं. प्रगतिपुस्तकात 'वर्गात लक्ष नसते' असा शेरा मारा. शाईचा खर्च किरकोळ खात्यात टाका.