लिनक्स टाकल्यावर वायफाय कार्ड ‘उडतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न घेणाऱ्या लॅपटॉपचं काय करायचं, असं कुणी विचारलं आणि कुणी लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम सुचवली, की हा फॉरवर्ड येऊन पडतोच: ‘लिनक्स टाकू नका, वायफाय कार्ड उडतं. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला ड्रायव्हर, म्हणजे अडकलात. पुन्हा इन्स्टॉल करा, नाहीतर कार्ड बदला. परत विंडोज चालू केलंत तर घड्याळ साडेपाच तास मागे, म्हणजे मदरबोर्डची बॅटरीपण गेली.’ लिहिणाऱ्याला त्रास झाला असणार, त्यात शंका नाही. पण त्याने काढलेलं एकही निदान बरोबर नाही.

‘कार्ड उडतं.’ उडत नाही. बहुतेक वायफाय कार्डांना दर वेळी चालू होताना फर्मवेअर नावाची एक छोटी फाइल ऑपरेटिंग सिस्टिमकडून घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर कार्ड ठणठणीत असूनही गप्प बसतं. डेबियन ही लिनक्सची एक आवृत्ती आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अशा मुक्त नसलेल्या फाइली ठेवतच नसे. २०२२ मध्ये त्यावर मतदान झालं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या आत आल्या. दुसरं कारण म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा, ज्यात कार्ड चालवणारे बहुतेक ड्रायव्हर असतात) जुना असणं. स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास सापडणारं रिअलटेक ८८२१सीई कर्नल ५.९ पासून ओळखलं जातं. उबुंटू ही लिनक्सची दुसरी आवृत्ती. तिचं २०.०४ आलं ते कर्नल ५.४ घेऊन, २२.०४ आलं ते ५.१५ घेऊन. म्हणजे त्याच लॅपटॉपवर एकात वायफाय ‘मेलेलं’ आणि दुसऱ्यात जिवंत.

खात्री करायला टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘एनएनके’ हा पर्याय जोडून चालवा. यादीत कार्डाचं नाव दिसतंय ना? मग ते उडालेलं नाही. नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल तर ड्रायव्हर नाही. ओळ आहे आणि तरी नेटवर्क दिसत नाहीत, तर ‘डीमेसेज’ या कमांडने दिसणाऱ्या नोंदींत ‘फर्मवेअर’ शब्द शोधा आणि ‘आरएफकिल लिस्ट’ चालवून बघा. तिथे ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर बाजूचं बटण किंवा एफएन की दाबली गेली असण्याची शक्यता जास्त. (लेनोव्होच्या काही मॉडेलांत तसलं बटणच नसतं आणि ‘आयडियापॅड लॅपटॉप’ हे मॉड्यूल (कर्नलला जोडलेला ड्रायव्हर) उगाच ब्लॉक दाखवतं. ते मॉड्यूल बंद केलं की काम होतं.) कार्ड यादीतच नसेल तेव्हा मात्र बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) डोकवा, मग स्क्रू ड्रायव्हर घ्या.

‘इंटरनेट नाही, म्हणून अडकलात.’ अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं, काही टाकावं लागत नाही. केबल मात्र डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने जमणार नाही. मग मिंट या लिनक्स आवृत्तीचा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ किंवा उबुंटूचं ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा.

ब्रॉडकॉमच्या ४३१४२ सारख्या कार्डांना कंपनीचा बंद ड्रायव्हर लागतो आणि इथेच खरी मेख आहे. सिक्युअर बूट (ओळख न पटलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो, काही सेकंद थांबतो आणि निघून जातो. लोक त्याच्याकडे बघत राहतात, किंवा घाईत पहिलाच पर्याय ‘कंटिन्यू बूट’ निवडतात. निवडायचं असतं ‘एनरोल एमओके’, आणि मग तोच पासवर्ड द्यायचा. ते राहिलं की ड्रायव्हर बसलेला असूनही कर्नल त्याला आत घेत नाही.

‘पुन्हा इन्स्टॉल करा.’ रोग म्हशीला आणि औषध पखालीला! त्याच पेनड्राइव्हमधून तोच कर्नल आणि त्याच फाइली पुन्हा येणार.

‘कार्ड बदला’ हा सल्ला दर वेळी चुकीचा नसतो, पण घाईचा असतो. एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये रिअलटेक ८७२३बीई कार्डाला अँटेनाच्या दोन जागा आणि वायर एकच. ड्रायव्हर रिकाम्या जागेवर कान लावून बसतो. राउटरजवळ नेट चालतं, शेजारच्या खोलीत गेलं की संपलं. त्यावर मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये ‘एएनटी सेल’ची किंमत १ किंवा २ करून बघायची, एवढंच. शिवाय काही जुन्या एचपी आणि थिंकपॅडचं बायोस यादीबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप सुरूच होऊ देत नाही. बदलायचंच ठरलं तर इंटेलचं एएक्स२०१ घेऊ नका, ते ठरावीक इंटेल प्रोसेसरांनाच चालतं. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या, तेही स्लॉट एम.२ आहे ना हे बघून.

‘बॅटरी गेली.’ हा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. सेल खरंच संपला तर तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन बसते. घड्याळ नेमकं साडेपाच तासच मागे पडतं, कारण भारतीय वेळ जागतिक वेळेच्या तेवढीच पुढे आहे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं की दोघांचं जमतं. सेल बदलून यात तसूभर फरक पडणार नाही.

खऱ्या अडचणी या फॉरवर्डमध्ये आलेल्याच नाहीत. बोटाचा ठसा वाचणाऱ्या बऱ्याच सेन्सरना लिनक्समध्ये ड्रायव्हरच नाही आणि त्याला टर्मिनलमध्ये तोड नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये गाढ झोपेची जुनी सोय काढून टाकली आहे, त्यामुळे झाकण मिटल्यावरही बॅटरी उतरत राहते. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवा. वायफाय दुसऱ्या खोलीतून लावून बघा, आवाज तपासा, झाकण मिटून उघडा, आणि मगच ‘इन्स्टॉल’वर क्लिक करा.